बीएस्सीच्या पोरांना बायोकेमिस्ट्रीची गोडी कशी लावायची? अनुभव सांगा

वारणाकाठ (सांगली)
नमस्कार मंडळी. मी सांगलीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला बायोकेमिस्ट्री शिकवते, गरज पडली तर बॉटनीचे तासही घेते. येत्या जूनला ११ वर्षं होतील. हजेरीपटावर ६४ नावं आहेत, सकाळच्या तासाला वीस-बावीस जण असतात. प्रॅक्टिकलला मात्र सगळे हजर, कारण जर्नलवर सही हवी असते.

परवा एन्झाइम कायनेटिक्स, म्हणजे एन्झाइमच्या कामाचा वेग, चालू होतं. फळ्यावर मायकेलिस-मेंटेनचा वक्र काढला, एन्झाइम तेवढंच ठेवून त्याला द्यायचा पदार्थ वाढवत नेला तर वेग कसा वाढतो ते दाखवणारा, आणि वळून बघितलं तर शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मान वाकडी करून खिडकीतून वर बघत होता. काय बघतोयस विचारलं तर उभा राहून म्हणाला, "मॅडम, आभाळ आलंय. बेदाणा रॅकवर वाळतोय." वर्ग हसला. मी त्याला खाली बसवलं आणि तास पुढं चालू केला, पण दिवसभर तेच डोक्यात राहिलं. त्या पोराचं लक्ष नव्हतं असं कसं म्हणू? लक्ष होतंच की, पूर्ण होतं, फक्त माझ्या फळ्यावर नव्हतं.

मला खरंच मनापासून विचारायचंय. मार्कांची आणि नोकरीची भीती न घालता या विषयाची ओढ कशी लावायची? कोणी शिकवत असाल, शिकला असाल, घरात कोणी शिकत असेल, तर सांगा. जर्नल, सबमिशन, इंटर्नल यातून मला आता वाट सापडेना झालीय.

तिखट_भडंग
तास दहाला घ्या मॅडम, निम्मा प्रश्न तिथंच मिटतोय. खेड्यातनं येणारं पोरगं धारा काढून, डेअरीला दूध घालून, गाडी पकडून येतंय. तुमच्यापुढं येऊन बसेपर्यंत त्याचा अर्धा दिवस संपलेला असतोय.

निवृत्त_मास्तर (सातारा)
३४ वर्षं शिकवलं. स्पष्ट लिहितो, राग मानू नये. "गोडी लावणे" ही भाषाच मला पटत नाही. वीस अमिनो आम्लं तोंडपाठ नाहीत आणि प्रथिनांवर गप्पा मारायच्या, हे कसं जमेल? आधी पाठांतर, आधी शिस्त, मग गोडी आपोआप येते. आमच्या वेळी ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्या झोपेतून उठवून विचारल्या तरी पोरं सांगायची. तुम्ही मुलांच्या मागं फार धावू नका, विषयाचा मान ठेवा, मुलं येतील.

पाटीलबाग (तासगाव)
मास्तर, मान राखून लिहितो, पण मी त्याच शेवटच्या बाकावरचा. बीएस्सी कसंबसं झालं, आता चार एकर बाग बघतोय. तुमच्या त्या पोराला आभाळ आलेलं दिसलं म्हणजे त्याच्या पोटात काय कालवलं असंल ते मला विचारा. रॅकवरचा माल एकदा भिजला की काळा पडतोय, दर अर्ध्यावर येतोय.

आता मॅडम तुमच्यासाठी सांगतो. बेदाणा करताना द्राक्षं आधी कशात बुडवतात माहीत आहे का? पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल. लिटरला २५ ग्रॅम कार्बोनेट, १५ मिली ऑइल. ते ऑइल म्हणजे इथाइल ओलिएट. मण्याच्या सालीवर जी पांढुरकी लव असते ना, ती मेणाची. त्या मेणामुळं आतलं पाणी बाहेर पडत नाही. डिपिंग केलं की मेणाचा थर मोकळा होतोय आणि पाणी भराभर उडतंय. न बुडवता तसंच टाकलं तर कितीतरी जास्त दिवस लागतात.

हे मी बारा वर्षांचा असल्यापासनं हातानं करत होतो. आणि कॉलेजात आम्हाला लिपिड शिकवलं तेव्हा फॅटी ॲसिड, एस्टर, वॅक्स सगळं फळ्यावर आलं, मी ते उतरवून घेतलं, पाठ केलं, पेपरात लिहिलं, विसरलो. तीन वर्षांत एकदाबी कोणी म्हटलं नाही की लेका इथाइल ओलिएट हे एस्टरच आहे, तुझ्या घरी कॅनमध्ये भरून ठेवलंय ते. मला ते कळलं पास झाल्यावर, कॅनवरचं लेबल वाचताना. असा राग आला होता त्या दिवशी.

तिखट_भडंग
पाटील, सरळ काळजात घुसलं राव.

बीएस्सी_तिसरं_वर्ष
मी आत्ता शिकतोय म्हणून लिहितो. मॅडम, खरं सांगू का, आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरं नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) देऊन आलेली आहेत. एकदा, दोनदा, काहींनी तीनदा. बीएस्सी हे कोणी मागून घेतलेलं नाही, उरलं म्हणून आलंय. त्यात दहावीपर्यंत मराठी माध्यम. शाळेत तंतुकणिका, प्रथिनं, विकरं शिकलो, इथं आल्यावर एकदम मायटोकॉन्ड्रिया, प्रोटीन्स, एन्झाइम्स. तेच आहे हे कळायलाच पहिलं सेमिस्टर गेलं. वर्गात प्रश्न विचारायचा तर इंग्रजीत कसा विचारू म्हणून विचारतच नाही. मग सगळ्यांना वाटतं याला काही पडलेलं नाही.

आणि एक शंका आहे, आता विचारूनच टाकतो. एका ग्लुकोजपासून एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) ३८ की ३२? आमच्या नोट्समध्ये ३८ आहे, व्हिडिओत ३० ते ३२ सांगतात. वर्गात विचारलं तर उत्तर मिळालं "परीक्षेला ३८ लिही".

घड्याळी_तास
मी तासिका तत्त्वावर शिकवतो, दोन कॉलेजात. वारणाकाठ ताई, तुमची कळकळ पोचली. पण माझी बाजूही ऐका. मला तासाचे पैसे मिळतात. प्रयोगाची तयारी, सोल्यूशन बनवणं, काचसामान धुवून घेणं हे कशातच धरत नाहीत. एका बॅचला वीस पोरं, चालू स्थितीतला कलरीमीटर (द्रावणाच्या रंगाची गडदता मोजायचं यंत्र) एक. रांगेत उभं राहून प्रत्येकानं एक रीडिंग घ्यायचं, तेवढ्यात बेल होते. मग पहिल्या चौघांची रीडिंग बाकीचे उतरवतात आणि मी सही करतो. मला ते आवडत नाही, पण करतो. पुढच्या वर्षी मी तिथं असेन की नाही हेच माहीत नसतं. पोरांना ओढ लावायची तर लावणाऱ्याचे पाय जमिनीवर टेकलेले नकोत का?

सूक्ष्मदर्शी (सध्या पुणे, मूळ मिरज)
घड्याळी_तास सरांनी जे लिहिलं तिथं माझा जीव अडकला. मी औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे, नवीन मुलांच्या मुलाखती घेते. आमच्याकडे दुसऱ्याचं रीडिंग आपल्या वहीत उतरवलं, मागची तारीख टाकली किंवा नको असलेलं रीडिंग खोडलं तर नोकरी जाते, कारण त्या आकड्याच्या भरवशावर कोणीतरी गोळी गिळणार असतं. आणि आमच्याकडे येणारी मुलं तीन वर्षं नेमकं तेच करून आलेली असतात. त्यांची यात चूक नाही. सुंदर जर्नलला मार्क मिळतात, खऱ्या रीडिंगला मिळत नाहीत, हे पोरं पहिल्या महिन्यात ओळखतात.

माझं म्हणणं एवढंच की आधी उत्तर माहीत असलेला प्रयोग देणं थांबवा. साखर ओळखायच्या बेनेडिक्ट टेस्टला विटकरी रंग येणार हे पोराला अकरावीपासून माहीत असतं, मग त्यानं बघायचं कशाला? तो उतरवणारच. ज्याचं उत्तर तुम्हालाही नक्की माहीत नाही असं काहीतरी द्या. छोटंसं चालेल.

निवृत्त_मास्तर (सातारा)
बीएस्सी_तिसरं_वर्ष, तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. एनएडीएच आणि एफएडीएचटू हे इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू. पूर्वी एका एनएडीएचमागे ३ आणि एफएडीएचटूमागे २ एटीपी असे पूर्णांक धरायचे, त्यानं बेरीज ३८ यायची. नंतर मोजमाप सुधारलं. प्रोटॉन किती पडद्यापार जातात आणि एक एटीपी बनवून बाहेर काढायला किती लागतात हे पाहिल्यावर ते आकडे साधारण २.५ आणि १.५ धरले जातात, म्हणून बेरीज ३० किंवा ३२. दोन उत्तरं का, तर ग्लायकोलिसिसमधले एनएडीएच पेशीद्रवात तयार होतात, ते स्वतः तंतुकणिकेत शिरू शकत नाहीत, त्यांचे इलेक्ट्रॉन आत पोचवायच्या दोन वाटा आहेत आणि एका वाटेत थोडा तोटा होतो.

मी कित्येक वर्षं ३८ शिकवलं. तुझ्यासारखं मला कोणी विचारलं नाही, किंवा विचारावं असं मी वातावरण ठेवलं नाही. पाटीलबाग यांचा प्रतिसाद वाचल्यापासून हेच मनात आहे. पाठांतर लागतंच, त्यावर मी ठाम आहे. पण ग्लायकोलिसिसच्या पुढचं, क्रेब्ज चक्र म्हणून आपण शिकवतो ते, क्रेब्जनं १९३७ साली लिहून नेचर या नियतकालिकाकडे पाठवलं तेव्हा त्यांनी परत केलं होतं, दुसरीकडे छापून घ्यावं लागलं, आणि १९५३ ला त्याच कामासाठी नोबेल मिळालं. हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. सांगायला दोन मिनिटं लागली असती.

बीएस्सी_तिसरं_वर्ष
सर, मनापासून आभार. दोन वर्षं हे डोक्यात अडकून होतं.

मिरजकर_लॅबवाला
मी डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये. आमच्याकडे बीएस्सीची पोरं सुट्टीत शिकायला येतात. मशीन दाखवतो पण मशीनमध्ये मन लागत नाही त्यांचं. एकदा एका मुलीला तिच्या आजीचा रिपोर्ट हातात दिला. आजीची उपाशीपोटीची साखर १०८, पण एचबीए१सी (हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर) बरंच जास्त, ८.९. म्हटलं सांग, आजी पथ्य पाळते की नाही? ती म्हणाली साखर बरी आहे म्हणजे पाळते. मग बसवलं आणि सांगितलं. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेवढा काळ हिमोग्लोबिनला ग्लुकोज हळूहळू चिकटत राहतं, एन्झाइम लागत नाही, जेवढी साखर जास्त तेवढं जास्त चिकटतं. म्हणून तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब असतो. आजी फक्त तपासणीच्या आधी दोन दिवस गोड सोडत होती!

पोरगी घरी जाऊन आजीशी भांडली म्हणे. आणि दुसऱ्या दिवशी येऊन विचारते, मग ज्याच्या तांबड्या पेशी लवकर मरतात त्याचा आकडा खोटा कमी येईल का? येतो. हा प्रश्न मला शिकलेल्या माणसांनीसुद्धा कधी विचारला नव्हता.

आक्का_कोरेगाव
मी शिक्षिका वगैरे नाही, आई आहे. माझी मुलगी पहिल्या वर्षाला आहे. नीटला थोडक्यात गेलं. घरात दोन महिने सुतक असल्यासारखं होतं. पाहुणे विचारायचे आता काय करतेय, आणि ती "बीएस्सी" एवढ्या हळू आवाजात सांगायची की मलाच वाईट वाटायचं. तुमच्या वर्गात शिकवण्याआधी ही जी लाज आहे ना पोरांच्या मनात, तिचं काय करायचं ते सांगा. माझ्याकडे उत्तर नाही. मी फक्त डबा देते.

निवृत्त_मास्तर (सातारा)
अक्का, तुमच्या मुलीला कमला सोहोनींबद्दल सांगा. माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंची बहीण. १९३३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, नाकारणारे साक्षात सर सी. व्ही. रामन. त्या परत फिरल्या नाहीत. एक वर्ष काम बघून ठरवू अशा अटीवर घेतलं, त्या अटीवर राहिल्या आणि काम करून दाखवलं, दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर. पुढं केंब्रिजला गेल्या, वनस्पतींच्या पेशीतल्या सायटोक्रोम सी या श्वसनातल्या प्रथिनावर काम करून १९३९ ला पीएचडी मिळवली. परत आल्यावर नीरेतल्या पोषणद्रव्यांवर काम केलं, मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक झाल्या. ज्या विषयाचं नाव तुमची मुलगी हळू आवाजात सांगते, तोच हा विषय.

आक्का_कोरेगाव
आज संध्याकाळी वाचून दाखवते. अक्का नाही हो, आक्का.

निवृत्त_मास्तर (सातारा)
चुकलो आक्का.

यवतेश्वर (सातारा)
आमच्याकडची पोरं या बाबतीत नशीबवान. कास २५ किलोमीटरवर. सगळे फुलांचे फोटो काढायला जातात, मीही जायचो. एकदा आमच्या सरांनी सगळ्यांना गुडघ्यावर बसायला लावलं आणि सीतेची आसवं दाखवली, ती जांभळी-निळी बारीक फुलं. म्हणाले वर फूल बघू नका, खाली मातीत काय आहे ते विचारा. तिला जमिनीखाली बारीक फुगे असतात, त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात आणि पचवले जातात. का? कारण खाली जांभा दगड, त्यावर बोटभर माती, नायट्रोजन जवळजवळ नाही. प्रथिनं बनवायला नायट्रोजन लागतो, तो मातीत नाही तर दुसऱ्याच्या अंगातनं घ्यायचा. शेजारीच दवबिंदूचं रोप होतं, त्याच्या पानावर चिकट थेंब आणि त्यात अडकलेलं चिलट. सर म्हणाले हे पान म्हणजे तुझं जठर उलटं करून उन्हात ठेवलंय.

प्रोटिएझ, म्हणजे प्रथिनं फोडणारं एन्झाइम, हा शब्द त्या दिवसापासून मी विसरलो नाही. मी पुढं बँकेत लागलो, विषयाचा काही संबंध उरला नाही, तरी विसरलो नाही. फक्त नेताना पोरं पठारावर तुडवत फिरणार नाहीत एवढं बघा, २०१२ पासून जागतिक वारसा आहे तो.

हरिपूरची_वेस
सांगलीकरांनी कासला जायची गरज नाही, हरिपूरची पेवं बघा. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीखाली हळद साठवायची. पेव उघडल्याबरोबर माणूस आत उतरत नाही, आधी उघडं ठेवतात, कंदील सोडून बघतात. कंदील विझला तर थांबायचं. आत साठवलेली हळद श्वास घेते, ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. श्वसनाचा धडा यापेक्षा जिवंत कुठं मिळणार?

पाटीलबाग (तासगाव)
एक दुरुस्ती. हळद पेवात जायच्या आधी उकडलेली असते, मग वाळवून, पॉलिश करून. उकडलेली हळद काय श्वास घेणार, ती मेलेली. ज्वारीचं पेव म्हणाल तर बरोबर, ज्वारी जिवंत बी आहे.

हरिपूरची_वेस
अरे हो की. मग हळदीच्या पेवात हवा कोण संपवतं?

सूक्ष्मदर्शी
हळदीवरची बुरशी, किडे, जिवाणू, भिंतीच्या मातीतले जीव. थोडा ओलावा असला की पुरे. वारणाकाठ ताई, बघा, हाच तो प्रश्न ज्याचं उत्तर आधी माहीत नव्हतं. दोन मोठ्या माणसांनी इथं भांडून काढलं. हाच वर्गात टाकला असता तर?

वारणाकाठ (सांगली)
मी सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. पाटीलदादा, तुमचा पहिला प्रतिसाद स्टाफरूममध्ये वाचून दाखवला, दोन मिनिटं कोणी बोललं नाही.

पण आता नेमकं विचारते. माझ्याकडे एक कलरीमीटर, एक पाण्याची शेगडी, टेस्टट्यूब भरपूर, पैसे नाहीत. पुढच्या आठवड्यात एन्झाइमचं प्रॅक्टिकल आहे. लाळेतल्या अमायलेजचं नेहमीचं करायचं नाही असं ठरवलंय. काय करू?

पाटीलबाग (तासगाव)
युरिया आहे का घरी? हा हा, सांगलीत विचारायचा प्रश्न नाही. तर सोयाबीन, युरिया आणि हळद. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएझ असतंय. ते युरिया फोडून अमोनिया करतंय. अमोनिया अल्कली, हळदीला लाल करतंय. कुंकू करताना हळदीला चुना लावतात तेच. कॉलेजच्या तीन वर्षांत मला आवडलेला प्रयोग हा एकच, तोबी एका सरांनी सिलॅबस सोडून दाखवलेला.

सूक्ष्मदर्शी
उत्तम! सविस्तर लिहिते. सोयाबीन रात्रभर भिजवा, मिक्सरला वाटून फडक्यातून गाळा. अर्धं दहा मिनिटं उकळून गार करा, ते तुलनेसाठी. हळद स्पिरिटमध्ये घोळवा, पाण्यात तो रंग नीट उतरत नाही, त्यात गाळणकागद बुडवून वाळवा. नळीत पाच मिली सोयाबीनचं दूध आणि पाच मिली युरियाचं पाणी, शंभर मिलीला दोन ग्रॅम. कागदाची पट्टी ओली करून नळीच्या तोंडाशी लावा आणि नळी कोमट पाण्यात ठेवा. वेळ पोरांना मोजू द्या. किती मिनिटं लागतील ते मी मुद्दाम सांगत नाही.

सोबत हेही सांगा की एन्झाइम म्हणजे प्रथिन हे ज्यानं पहिल्यांदा दाखवलं त्या समनरनं हेच युरिएझ घेतलं होतं, आबईच्या बियांतून, १९२६ साली स्फटिक काढले. नऊ वर्षं लागली. सतराव्या वर्षी शिकारीत अपघात होऊन एक हात गेला होता, एका हातानं केलंय सगळं. कोणी मानायला तयार नव्हतं, नोबेल मिळायला १९४६ उजाडलं.

घड्याळी_तास
हे वीस जणांना एका बेलमध्ये जमेल. रांगच नाही, प्रत्येकाची आपली नळी. मीही करून बघतो.

तिखट_भडंग
फक्त उरलेलं सोयाबीन कोणी कॅन्टीनला देऊ नका.

वारणाकाठ (सांगली)
मंडळी, काल झालं प्रॅक्टिकल. जसं झालं तसं लिहिते, लांबलं तर वाचून घ्या.

मी आधी काहीच सांगितलं नाही. जर्नल बाहेर ठेवायला लावली, साधे पाठकोरे कागद दिले. म्हटलं आज जे दिसेल ते लिहायचं, शेजाऱ्यासारखं आलं नाही तर तेच लिहायचं, त्याला पूर्ण मार्क. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, मला चालेल. सोयाबीन मागच्या बाकावरच्या त्याच मुलानं आणलं होतं, घरचं, बियाण्याला ठेवलेलं. बेदाणा वाचला म्हणाला, पाऊस आलाच नाही.

पहिली सात-आठ मिनिटं काहीच झालं नाही. पोरं माझ्याकडं बघायला लागली, मी खिडकीकडं बघत बसले. मग एका मुलीच्या पट्टीची कडा तांबूस झाली, अगदी केसाएवढी रेघ, आणि ती ओरडलीच. त्यानंतर एकेक नळी. उकडलेल्याच्या पट्ट्या पिवळ्याच राहिल्या. एकानं लाल पट्टी काढून टेबलावर ठेवली, थोड्या वेळानं ती परत पिवळी झाली! तो म्हणाला माझी बिघडली. मग सगळे त्याच्याभोवती. कोणीतरी म्हटलं अमोनिया उडून गेला असेल, पुन्हा नळीवर धर. धरली, पुन्हा लाल. अकरा वर्षांत माझ्या प्रॅक्टिकलला असा आवाज झाला नव्हता, शेजारच्या लॅबमधून बघायला आले.

शेतातल्या युरियाचा विषय निघाला. एक मुलगी म्हणाली, वरून टाकलेला युरिया पाणी दिलं नाही तर वाया जातो असं पप्पा म्हणतात ते हेच का? हेच, मातीतल्या जिवाणूंचं युरिएझ. नीम लावलेल्या युरियावर जरा गाडी अडली, त्यांना वाटलं नीम हे युरिएझ थांबवतो. तो मुख्यतः पुढची पायरी, अमोनियाचं नायट्रेट होणं, मंदावतो. ते फळ्यावर काढून दाखवलं. तेव्हा सगळे फळ्याकडं बघत होते.

सगळे आले होते का? नाही, नऊ जण नव्हते. दोघींनी मला विचारलं की हे परीक्षेला येणार का, आणि येणार नाही म्हटल्यावर जर्नल लिहायला बसल्या. घड्याळी_तास सरांचं दुखणं तसंच आहे. आक्कांच्या मुलीची लाज एका नळीनं जाणार नाही. मला ते माहीत आहे.

पण बेल झाल्यावर तो मुलगा थांबला. म्हणाला, "मॅडम, उकडलेल्यात अर्धं कच्चं मिसळलं तर दुप्पट वेळ लागंल का?" म्हटलं तुला काय वाटतं? तर म्हणाला लागायला पाहिजे. मग जरा थांबून, "आणि कच्चं तेवढंच ठेवून युरिया वाढवत नेला तर? किती वाढवला तर किती लवकर?"

मी त्याला उत्तर दिलं नाही. माझ्या हातात डस्टर होतं आणि तो वक्र मी याच फळ्यावर पंधरा दिवसांपूर्वी काढून पुसला होता.

निवृत्त_मास्तर (सातारा)
वारणाकाठ, मी तुम्हाला सुरुवातीला जे लिहिलं ते वाचून बघितलं. मुलांच्या मागं धावू नका म्हणालो होतो. तुम्ही धावला नाहीत, खिडकीकडं बघत बसलात, ते मला जमलं नसतं.

सूक्ष्मदर्शी
ताई, युरिया वाढवायचा असेल तर दोन टक्क्यांपासून सुरू करू नका. तिथं एन्झाइम आधीच गच्च भरलेलं असेल, सगळ्या नळ्या सारख्याच वेळेला लाल होतील आणि पोरगं हिरमुसेल. उलट पातळ करत खाली जा. दहापट, पन्नासपट, शंभरपट, पाचशेपट. फार पातळ झालं की अमोनिया वर हवेत पुरेसा येणार नाही, तेव्हा पट्टी नळीत बुडवूनच बघा.

पाटीलबाग (तासगाव)
त्या पोराला विचारा बागेत फवारायचं जीए (जिबरेलिक ॲसिड) किती टाकतात. शंभर लिटरला एक ग्रॅम म्हणजे १० पीपीएम, हे त्याला झोपेत येत असंल. आधी थोड्या ॲसिटोनमध्ये विरघळवून मग पाण्यात. कॉलेजात मोलॅरिटीला (लिटरमध्ये किती मोल, ते गणित) मी तीनदा नापास, आणि बागेत एकदाबी डोस चुकला नाही.

सूक्ष्मदर्शी
पाटीलदादा, ही घ्या तुमची मोलॅरिटी. १० पीपीएम म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम. जिबरेलिक ॲसिडचा रेणुभार साधारण ३४६. १० भागिले ३४६ म्हणजे ०.०२९ मिलिमोल. तुम्ही दरवर्षी २९ मायक्रोमोलर द्रावण फवारता.

पाटीलबाग (तासगाव)
एवढंच हुतं?

वारणाकाठ (सांगली)
सोमवारी करतोय. पातळ करायचं गणित मीच करतो म्हणालाय तो. दरवर्षी वडिलांबरोबर करतो म्हणे, फक्त बॅरलमध्ये.